प्रा. जॉन ड्युई : बाबासाहेबांचे कोलंबियातील शिक्षक

दरवर्षी चौदा एप्रिलला आपल्या विहारासमोरच्या मंडपात जी भाषणे होतात, त्यांत एक वाक्य हटकून येते. बाबासाहेब अमेरिकेला गेले, कोलंबिया विद्यापीठात त्यांना जॉन ड्युई, सेलिग्मन असे जगप्रसिद्ध प्राध्यापक लाभले. वक्ता एवढे बोलतो आणि लगेच महाडच्या तळ्याकडे वळतो. त्यामुळे ड्युई हे नाव आपण सगळ्यांनी पन्नासदा ऐकलेले आहे. पण हा माणूस कोण, तो शिकवीत काय होता, कुणाशी भांडला, हे विचारले तर बहुतेकांची पंचाईत होईल.

माझीही झाली. आपल्या अभ्यासिकेत येणाऱ्या नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ड्युई बौद्ध होते का?" म्हटले, नाही. "मग ख्रिश्चन?" जन्माने होते, पुढे चर्च सोडले. "मग कोण होते?" त्या संध्याकाळी त्या पोरीला मला धड उत्तर देता आले नाही. स्मरणिकेसाठी लेख द्या असे मंडळाने सांगितले, तेव्हा म्हटले, तेच उत्तर जरा नीट लिहून काढावे.

एक गोष्ट आधीच सांगतो. बाबासाहेबांनी आपले गुरू तीनच सांगितले: भगवान बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. तेव्हा ड्युईंना चौथे गुरू करून त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा, असा माझा हेतू नाही. ते बाबासाहेबांचे शिक्षक होते. शिक्षक म्हणूनच त्यांची ओळख करून घेऊ.

जॉन ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ रोजी अमेरिकेच्या उत्तरेकडील व्हरमाँट राज्यात, बर्लिंग्टन या गावी झाला. वडील किराणा दुकानदार. आई अतिशय धर्मपरायण. मुलांचे मन येशूच्या ठायी आहे ना, याची ती सारखी चौकशी करायची. त्या चौकशीचा काच ड्युईंना पुढे अनेक वर्षे जाणवत राहिला. त्यांचा जन्म झाला त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात, इंग्लंडमध्ये डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणूस हा निसर्गाचाच एक भाग आहे, वरून कुणी तयार करून खाली सोडलेला नाही, हा त्या ग्रंथाचा अर्थ पचवण्यात ड्युईंचे अर्धे आयुष्य गेले, असे म्हटले तरी चालेल.

लहानपणीच यादवी युद्ध पेटले. गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिका दुभंगली. वडील दुकान सोडून उत्तरेच्या फौजेत गेले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ते याच पिढीचे लोक. बर्लिंग्टनच्या त्या किराणा दुकानदाराला पुण्यातल्या जोतीरावांचे नावही ठाऊक नसणार. पण धागा आहे तो आहे.

ड्युई व्हरमाँट विद्यापीठातून १८७९ साली पदवीधर झाले आणि पेनसिल्व्हेनियातल्या ऑईल सिटी नावाच्या, नावाप्रमाणेच तेलाच्या धंद्यावर वाढलेल्या गावात शाळामास्तर म्हणून लागले. तिथे दोन वर्षे काढली. मग कर्ज काढून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले व १८८४ साली पीएच.डी. झाले. पुढे मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकी केली. तिथेच ॲलिस चिपमन या विद्यार्थिनीशी ओळख झाली व १८८६ साली विवाह झाला. ॲलिस बाई खमक्या होत्या. नवऱ्याचे लक्ष पुस्तकांतून उचलून भोवतालच्या अन्यायाकडे वळवण्याचे काम त्यांनी केले, असे त्यांना ओळखणारे सांगत.

१८९४ साली ड्युई शिकागोला गेले. तिथे गेल्यावर त्यांनी चर्चचे सभासदत्व पुन्हा घेतले नाही. कुठे जाहीर सभा नाही, पत्रक नाही. नुसते घेतले नाही. शिकागोत तेव्हा रेल्वे कामगारांचा मोठा संप चालू होता. परदेशांतून आलेल्या गरीब मजुरांच्या वस्तीत जेन ॲडम्स या बाईंनी 'हल हाऊस' नावाचे केंद्र चालवले होते. तिथे बालवाडी होती, रात्रीचे वर्ग होते, चर्चा होत. ड्युई तिथे नेहमी जायचे, बोलायचे आणि ऐकायचेही. तत्त्वज्ञान हे वस्तीत येऊन तपासून घ्यावे लागते, हे ते तिथे शिकले असावेत.

१८९६ च्या जानेवारीत त्यांनी विद्यापीठातर्फे एक प्रयोगशाळा-शाळा काढली. या शाळेबद्दल एक किस्सा त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. मुलांसाठी बाके विकत घ्यायला ते शहरभर हिंडले. मनासारखे बाक कुठेच मिळेना. शेवटी एक हुशार दुकानदार भेटला. तो म्हणाला, तुम्हाला हवी ती वस्तू माझ्याकडे नाही. तुम्हाला मुलांना काम करता येईल असे बाक हवे आहे आणि ही सगळी बाके नुसते ऐकण्यासाठी केलेली आहेत. ड्युईंना त्या माणसाचे बोलणे फार पटले. जुन्या शिक्षणाची सगळी कथाच त्या एका वाक्यात आली, असे त्यांचे मत. त्यांच्या शाळेत मुले स्वयंपाक करीत, सुतारकाम करीत, लोकर पिंजून सूत काढीत. स्वयंपाकाला मापे लागतात, म्हणून गणित आले. कापूस-लोकर कुठून येते हे विचारले, की भूगोल आणि इतिहास आला. मुलींनी शिवायचे आणि मुलांनी ठोकायचे अशी वाटणी नव्हती.

हा किस्सा वाचताना मला साताऱ्याची शाळा आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच दशकात, तिकडे शिकागोत कसले बाक घ्यावे याचा विचार चालला होता, तेव्हा इकडे साताऱ्यात भीमराव नावाचा मुलगा घरून गोणपाट घेऊन शाळेत जात होता, वर्गाच्या कोपऱ्यात बसत होता आणि संध्याकाळी ते गोणपाट परत घरी आणीत होता. शिपायाने वरून पाणी ओतले तर प्यायचे, शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. पंधरा-सोळा वर्षांनी ही दोन माणसे एका वर्गात समोरासमोर येणार होती.

शिकागोच्या कारभाऱ्यांशी ड्युईंचे शाळेवरून आणि ॲलिसबाईंच्या मुख्याध्यापिकेच्या पदावरून बिनसले. १९०४ साली दोघांनी राजीनामे दिले. याच काळात त्यांच्यावर घरचे मोठे दुःख कोसळले. मॉरिस नावाचा चिमुकला मुलगा १८९५ मध्ये इटलीत घटसर्पाने गेला होता. आता १९०४ मध्ये युरोपच्या प्रवासात गॉर्डन हा दुसरा मुलगा टायफॉईडने गेला. आपल्या रमाईंच्या आणि बाबासाहेबांच्या घरची मुलांची दुःखे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यावर वेगळे काही सांगायला नको. इटलीत त्यांनी सबिनो नावाच्या एका मुलाला दत्तक घेतले आणि घरी आणले.

१९०५ पासून ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९३० पर्यंत, तिथेच राहिले. १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये काळ्या लोकांच्या हक्कांसाठी जी परिषद भरली, आणि जिच्यातून पुढे एन.ए.ए.सी.पी. ही संघटना उभी राहिली, तिच्या व्यासपीठावर ड्युई बोलले. कोणताही वंश जन्मतः कमी नसतो, संधी नाकारली म्हणून माणसे मागे राहतात आणि त्यात सगळ्या समाजाचेच नुकसान होते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. आज हे आपल्याला साधे वाटते. तेव्हा मोठमोठे शास्त्रज्ञ नेमके याच्या उलट लिहीत होते.

आणि १९१३ च्या जुलैत बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. १९१४ ते १९१६ या काळात ते ड्युईंच्या नीतिशास्त्र व राजकीय तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानांना बसत होते.

ड्युई शिकवायचे कसे? तर वाईट! म्हणजे वक्तृत्व या दृष्टीने अगदी वाईट. खुर्चीवर बसायचे, हातात दोन-चार चुरगळलेले पिवळे कागद, नजर खिडकीबाहेर. आवाज संथ, मध्येच लांब थांबा. नवीन विद्यार्थ्यांना वाटायचे की प्राध्यापकांचे वर्गाकडे लक्षच नाही. पण ज्यांनी टिपणे नीट घेतली त्यांना घरी गेल्यावर कळायचे की आपल्यासमोर एक माणूस तासभर खरोखर विचार करीत होता. पाठ केलेले म्हणून दाखवीत नव्हता. शंका येऊन थांबत होता, पुन्हा मागे जाऊन तपासत होता.

त्यांच्या विचाराला फलप्रामाण्यवाद म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट तशी घरचीच आहे. घरात पोराला ताप आला. कुणी म्हणेल गंडा बांधा, आमच्या आजोबांपासून चालत आलेले आहे. कुणी म्हणेल थांबा, थंडी वाजून येतो का, एकाआड एक दिवस येतो का ते बघा, रक्त तपासा, मग औषध द्या आणि औषधाने उतार पडतो का तेही बघा. ड्युईंचे म्हणणे असे, की हा दुसरा मार्ग केवळ दवाखान्यापुरता नाही. नीती, कायदा, शिक्षण, समाजरचना या सगळ्यांना तो लावला पाहिजे. एखादी रूढी जुनी आहे, पवित्र आहे, पुस्तकात लिहिलेली आहे, हे तिच्या बाजूचे पुरावेच नव्हेत. ती पाळल्याने माणसांचे काय होते, ते दाखवा. विचाराची सुरुवात अडचणीतून, शंकेतून होते आणि शेवट अनुभवाच्या कसोटीवर होतो. १९१० सालच्या त्यांच्या 'आपण विचार कसा करतो' या आशयाच्या पुस्तकात हे सविस्तर आले आहे.

१९१६ साली लोकशाही आणि शिक्षण या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले. या ग्रंथात ड्युई म्हणतात त्याचा सारांश असा: लोकशाही ही केवळ मतदानाची आणि सरकार बनवण्याची पद्धत नाही. ती एकत्र जगण्याची रीत आहे. समाज चांगला की वाईट हे ओळखायला त्यांनी दोन प्रश्न दिले. आतल्या माणसांमध्ये किती गोष्टी समान आहेत, सगळ्यांना वाटून घेता येतात? आणि बाहेरच्या गटांशी त्यांचे येणेजाणे किती मोकळे आहे? चोरांच्या टोळीतही एकी असते, एकमेकांशी इमान असते. पण टोळीला बाहेरच्या जगाशी मोकळेपणाने वागता येत नाही, आणि तिथेच ती नापास होते.

आता हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय आले? जात! बाबासाहेबांच्याही तेच आले असणार. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साऊथबरो कमिटीपुढे त्यांनी साक्ष दिली. वय अवघे सत्तावीस. त्या साक्षीत आधी समाजशास्त्र येते, मग मागण्या. गट एकमेकांपासून तुटलेले असले की त्यांच्यात विचारांची देवाणघेवाण होत नाही, हे सांगायला त्यांनी जो शब्द वापरला तो ड्युईंच्या ग्रंथातलाही आहे. वनस्पतीच्या पेशीच्या पडद्यातून पाणी झिरपून आत जाते, त्या क्रियेचा तो शब्द. समाजातही असे झिरपणे हवे. जातीचा पडदा ते होऊ देत नाही.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि न झालेले जे भाषण 'जातिनिर्मूलन' म्हणून आपल्या घराघरांत आहे, त्यात तर बाबासाहेबांनी ड्युईंचे नाव घेऊन, हे माझे शिक्षक, यांचे माझ्यावर फार ऋण आहे, असे सांगितले आहे. भूतकाळातून आलेले सगळेच जपायचे नसते, त्यातले निरुपयोगी ते टाकून द्यायचे असते, हा ड्युईंचा विचार त्यांनी तिथे मांडला. त्याच भाषणात नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद आहे. नियम सांगतो असे कर, तसे करू नको. तत्त्व तुम्हाला विचार करायला लावते, आणि म्हणून जबाबदारीही तुमच्यावर टाकते. नियम आणि तत्त्व यांतला हा फरक ड्युई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ सालच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात आहे.

पण विद्यार्थी शिक्षकाच्या पुढेही गेला, हे सांगितले पाहिजे, नाहीतर आपण बाबासाहेबांवर अन्याय करू. ड्युईंचा भरवसा बोलण्यावर, शाळेवर, हळूहळू होणाऱ्या बदलावर होता. माणसे एकत्र येतील, अनुभव वाटून घेतील, हे त्यांनी बरेचसे गृहीत धरले. त्यांच्या शिकागोच्या शाळेतली मुले बहुतेक प्राध्यापकांची आणि सुखवस्तू घरांतली होती. समोरचा माणूस तुमच्याबरोबर पाणीच प्यायला तयार नसेल, तर संवाद सुरू कुठून करायचा, हा प्रश्न ड्युईंनी आयुष्यात फारसा सोडवायला घेतला नाही. तो बाबासाहेबांनी घेतला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर ओंजळभर पाणी घेऊन घेतला. एकत्र जगण्याचा हक्क आधी मिळवावा लागतो, मग त्याची रीत बनते.

ड्युईंच्या चुकाही होत्या. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा त्यांनी युद्धाला पाठिंबा दिला. या युद्धातून लोकशाहीचे भले होईल, असे त्यांना वाटले. रँडॉल्फ बोर्न नावाच्या त्यांच्याच एका तरुण चाहत्याने त्यांना छापील लेखांतून चांगले फैलावर घेतले, आणि पुढे जे घडले त्यात बोर्नचेच खरे ठरले. १९२८ मध्ये ते रशियात जाऊन आले व तिथल्या शाळांवर खूश होऊन लिहिले. मात्र स्टालिनने जुन्या सहकाऱ्यांवर खटले भरून त्यांना संपवायला सुरुवात केली, तेव्हा १९३७ साली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, हे म्हातारे गृहस्थ तर्कशास्त्रावरचा ग्रंथ अर्धवट ठेवून मेक्सिकोला गेले. तिथे आश्रयाला असलेल्या ट्रॉट्स्कीवरील आरोपांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी घेतले. ट्रॉट्स्कीचे विचार त्यांना मान्य नव्हते. मित्रांनी नको म्हणून सांगितले, शिव्याशाप आले, तरी गेले. पुरावे तपासून समितीने आरोप खोटे ठरवले. नंतर त्याच ट्रॉट्स्कीशी, साध्य चांगले असले म्हणून कोणतेही साधन चालते काय, या प्रश्नावर त्यांनी लेखातून वाद घातला. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना बाबासाहेबांपुढेही साधनांचा हाच प्रश्न होता.

चीनबद्दल दोन शब्द. १९१९ च्या मे महिन्याच्या तोंडावर ड्युई तिथे पोचले, आणि थोड्याच दिवसांत पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ड्युई दोन वर्षांहून अधिक काळ राहिले, गावोगाव व्याख्याने दिली. हू शी हे त्यांचे कोलंबियातले विद्यार्थी दुभाषाचे काम करीत. म्हणजे एकाच शिक्षकाचे दोन विद्यार्थी, एक चीनचा, एक भारताचा, आपापल्या देशातल्या जुन्या ग्रंथांच्या सत्तेला एकाच काळात आव्हान देत होते.

आता त्या मुलीचा प्रश्न: ते होते कोण? तर मानवतावादी. १९३३ साली अमेरिकेत मानवतावाद्यांचा एक जाहीरनामा निघाला. त्यावर ३४ जणांच्या सह्या होत्या, त्यात ड्युईंची होती. जग कुणी निर्माण केलेले नाही, माणूस निसर्गातूनच घडला आहे, आणि माणसाचे भले याच जन्मात, याच जगात, माणसांनीच एकमेकांच्या साहाय्याने करायचे आहे, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी, १९३४ साली, येल विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांचे त्यांचे छोटे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी एक फोड केली. एक आहे धर्मसंस्था: तिचे देव, चमत्कार, पुरोहित, कर्मकांड. आणि दुसरी आहे माणसाच्या जगण्यातली ती वृत्ती, जिच्यामुळे तो स्वतःपेक्षा मोठ्या ध्येयासाठी सगळे पणाला लावतो. ही वृत्ती धर्मसंस्थेच्या तावडीतून सोडवली पाहिजे, असे ते म्हणाले. पण 'देव' हा शब्द मात्र त्यांनी, निराळ्या अर्थाने का होईना, तिथे ठेवला. त्यांच्या मानवतावादी मित्रांना ते मुळीच रुचले नाही. मलाही रुचत नाही. जुन्या बाटलीला नवे लेबल लावले की लोक आत जुनेच शोधतात.

बाबासाहेबांनी तसे केले नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात धर्म आणि धम्म असा भेद त्यांनी अगदी स्वच्छ केला. यावर कुणी म्हणेल, म्हणजे हेही ड्युईंकडूनच आले का? छे! परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, हे केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले. ड्युईंच्या वर्गात बसलेल्या तरुणाला तपासून घेण्याची सवय लागली होती. त्या सवयीने त्याने जगातले धर्म तपासले आणि तो बुद्धापाशी येऊन थांबला, असे मी समजतो.

म्हातारपणीही ड्युई स्वस्थ बसले नाहीत. १९४० साली बर्ट्रांड रसेल यांची न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातली नेमणूक, ते अनीतिमान व अधार्मिक आहेत म्हणून, कोर्टाने रद्द केली. तेव्हा ऐंशी वर्षांचे ड्युई त्यांच्या बाजूने उभे राहिले. खरे तर रसेल यांनी ड्युईंच्या तत्त्वज्ञानावर अनेकदा झोड उठवली होती. ड्युईंनी ते मनात धरले नाही.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय डॉक्टरेट देण्यासाठी बोलावले. इतक्या वर्षांनी आपल्या शिक्षकांना भेटायचे, ही ओढ त्यांना होती. पण १ जून १९५२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ड्युई न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने वारले. आपले विमान रोमला होते तेव्हा ड्युई गेले, याचे फार दुःख झाले, माझे सगळे बौद्धिक जीवन मी त्यांना देणे लागतो, अशा अर्थाचे पत्र बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून माईसाहेबांना लिहिले. ५ जूनला पदवीदानाचा समारंभ झाला.

माईसाहेबांनी पुढे एक आठवण सांगितली आहे. ड्युईंच्या वर्गात बसून तीस वर्षे उलटून गेल्यावरही बाबासाहेब घरी मजेत असले, की आपले प्राध्यापक वर्गात कसे बोलत, त्यांच्या लकबी कशा होत्या, याची हुबेहूब नक्कल करून दाखवीत असत.